ट्रँटर सरांचं गरम पाणी

ट्रँटर सरांच्या घरातल्या गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या हॅलोरन गावात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या ट्रँटर सरांना. म्हणजे कानावर आलं होतं. सरांच्या पत्नी नोरीनबाई कित्येक वर्षं तेच सांगत होत्या. पण सरांनी गावच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेलं. पुराव्याशिवाय ते काही मानत नसत, आणि हा पुरावा त्यांच्या नाकापर्यंत पोचत नव्हता. रोजच्या सवयीनं नाक मेलं होतं. "बोअरचं पाणी आहे, नोरीन. जमिनीच्या पोटातून येतं. थोडंफार असायचंच," असं म्हणून ते पेपर उलटत आणि विषय संपला असं समजत. नवऱ्यांना विषय संपला असं फार लवकर वाटतं.

मग नोरीनबाईंचा खुबा दुखायला लागला. टुवुम्बाला ऑपरेशन झालं, तिथून लेक फियोना त्यांना ब्रिस्बेनला आपल्या घरी घेऊन गेली. सर घरी एकटे. टोस्टवर डब्यातले बीन्स, बीन्सवर चीज, आणि बदल म्हणून चीजवर बीन्स, असं त्यांचं चाललं होतं. बाई नसताना गरम पाणी कशाला, उन्हाळाच तर आहे, या हिशेबानं त्यांनी पाणी तापवायच्या टाकीचं बटण बंद करून टाकलं होतं आणि थंड पाण्यानं आंघोळ करून घेत होते. आपण काटकसर करतोय याचा त्यांना अभिमानही वाटत होता. पुढचं सगळं रामायण या अभिमानातून घडलं.

सोमवारी सकाळी फोन आला.

"ॲल्विन, मी शुक्रवारी येतेय. फियोना गाडीनं सोडणार आहे."

"वा! मी काय म्हणतो, येताना जरा..."

"थांब, आधी ऐकून घे. इथल्या गरम पाण्याला वास नाही. कसलाही नाही. इथं आंघोळ झाल्यावर मला पुन्हा आंघोळ करावीशी वाटत नाही. कळतंय?"

"कळतंय."

"शुक्रवारी मी घरात शिरणार, गरम पाण्याचा नळ सोडणार आणि वास घेणार. वास आला, तर त्याच गाडीतून परत. फियोनाची मागची खोली रिकामीच पडलीये. मला माझ्या टबात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचंय, ॲल्विन. दुसरं काही मागत नाही मी."

"अगं, पण तुझ्या बिगोनिया इथं आहेत," सर म्हणाले. त्यांना तेवढंच सुचलं.

"त्यांना पाणी घालतोयस ना?"

"हो तर," सर म्हणाले, आणि खिडकीतून कुंड्यांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

नोरीनबाई मोठ्यानं बोलल्या असत्या तर सरांना काही वाटलं नसतं. मोठ्यानं त्या रोजच बोलत. पण हे सगळं त्या अगदी हळू आवाजात बोलल्या होत्या, आणि हळू आवाजात बोललेली गोष्ट बाईंनी कधी केली नाही असं झालं नव्हतं. फोन ठेवल्यावर सर स्वयंपाकघरात उभे राहिले. गेले काही आठवडे हे घर फार मोठं झालं होतं. रात्री एका खोलीतला दिवा बंद केला की दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत आपल्याच पावलांचा आवाज यायचा. ते असंच कायमचं राहणार, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी टाकीचं बटण लावलं, पाणी तापू दिलं, नळ सोडला आणि पहिल्यांदाच मुद्दाम नाक खाली नेलं.

सर दोन पावलं मागे सरले. इतके दिवस गरम पाण्यापासून लांब राहिल्यामुळे त्यांचं नाक शुद्धीवर आलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. ह्या पाण्यात ही बाई भांडी घासत होती, केस धूत होती, आणि मी तिला जमिनीच्या पोटाबद्दल सांगत होतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

आता रोगाचं निदान. ते सरांना बसल्या जागी झालं, कारण रोग त्यांच्या स्वतःच्या विषयातला होता. मागच्या व्हरांड्यात भिंतीला लागून पाणी तापवायची उभी टाकी होती, आणि ती आतून गंजू नये म्हणून तिच्यात वरून एक मॅग्नेशियमचा गज सोडलेला होता. पाणी आधी तो गज खातं आणि टाकीला सोडून देतं. वर्गात सर हेच दाखवायचे. पोटॅशियम पाण्यात टाकलं की पेटतं, सोडियम पाण्यावर पळतं, कॅल्शियमचे बुडबुडे येतात; आणि मग मॅग्नेशियमची पट्टी गार पाण्यात सोडून ते म्हणायचे, "बघा, जवळजवळ काही होत नाही. वाफ असेल तर गोष्ट वेगळी." वाफेपर्यंत पोचण्याआधी घंटा व्हायची. मॅग्नेशियमवर हा अन्यायच होता. त्याला शाळेचा एक तास मिळायचा, आणि इथं टाकीत त्याला वर्षंच्या वर्षं मिळाली होती. त्यात बोअरच्या पाण्यातले क्षार, त्यात कोमट पाण्यात वाढणारे जंतू, त्यात सरांची काटकसर. सगळ्यांनी मिळून आत अंडी सडवली होती.

उपायही सोपा होता. मॅग्नेशियमचा गज काढायचा, टाकी धुऊन घ्यायची आणि ॲल्युमिनियमचा गज घालायचा. ॲल्युमिनियम संथ, समजूतदार धातू. सरांनी जवळच्या रोमा शहरातल्या दुकानात फोन करून गज मागवला. तो टपालाच्या ट्रकनं गुरुवारी येणार होता. आता फक्त प्लंबर हवा होता. गावात प्लंबर एकच, डेल पुर्कीस. डेलच्या बायकोनं फोन उचलला.

"सर, तो वर उत्तरेच्या आखाताकडे गेलाय. बारामुंडी पकडायला."

"परत कधी येणार?"

"मासे मिळाले की. नाही मिळाले तर जरा उशिरा," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दरवर्षी ती हेच सांगत असावी.

एवढ्यात कुंपणापलीकडून बेरिल हॉस्किन्सबाईंनी डोकं वर काढलं. बेरिलबाई शेजारीण. त्यांचं डोकं कुंपणावर सदैव हजर असे, बाकीच्या बाई गावानं क्वचितच पाहिल्या होत्या.

"वास ना? मी नोरीनला कधीचं सांगतेय. व्हिनेगर घाल."

"कशात?"

"सगळ्यात! मी किटलीत घालते, कपड्यांत घालते, वेनच्या बुटांत घालते. आमच्या घरात येतो का वास?"

"बेरिल, तुमचं पाणी गॅसवर तापतं. तुमच्याकडे टाकीच नाही."

"बघ! टाकी नाही, तरी मी घालते," बेरिलबाई म्हणाल्या.

मॅग्नेशियमवर आम्ल ओतलं तर काय होतं हे सरांनी त्यांना समजावून सांगितलं. सुरुवात पोटॅशियमपासून केली, कारण सरांना ती यादी मधूनच सुरू करता येत नसे. सोडियमपर्यंत पोचले तेव्हा बेरिलबाईंचं डोकं खाली गेलेलं होतं.

मंगळवारी सर कौन्सिलच्या कचेरीत गेले. पांढरे गुडघ्यापर्यंतचे मोजे, इस्त्रीची हाफ पँट, हॅट. जावं तर रीतसर जावं असा त्यांचा बाणा. काउंटरवर जनेल होती. एके काळी शेवटच्या बाकावर बसून नखं रंगवायची.

"सर! बसा ना. काय म्हणतेय तब्येत?"

"जनेल, मला माझ्या घरची टाकी स्वतः उघडायची आहे. परवानगी लागेल का?"

"नाही सर."

"छान."

"म्हणजे तुम्हाला परवानगी मिळूच शकत नाही. परवाना असलेल्या प्लंबरनंच उघडायची. त्यालाही परवानगी लागत नाही, त्यानं नंतर कळवायचं."

"पण प्लंबर मासे पकडायला गेलाय."

"मग कोण कळवणार, सर?" जनेलनं काळजीनं विचारलं.

सरांनी डोळे मिटून घेतले. वर्गात ते असे डोळे मिटत तेव्हा पोरं गप्प व्हायची. जनेल गप्प झाली नाही.

"एकच मार्ग आहे. तातडीचा धोका असेल तर फायर ब्रिगेडचा कॅप्टन कुठल्याही वस्तूला हात लावू शकतो. पण तुमच्या टाकीला कुठं धोका आहे? नुसता वास तर येतोय."

"नुसता," असं म्हणून सरांनी हॅट घातली.

इकडे घरी काय चाललं होतं, ते सरांना अर्थातच माहीत नव्हतं. फायर ब्रिगेडचा कॅप्टन म्हणजे बेरिलबाईंचाच मुलगा वेन. वय पन्नाशीला आलेलं, पोट पुढे, स्वभाव मदतीचा. हा मदतीचा स्वभाव गावाला चांगलाच महागात पडत आला होता. आईच्या सांगण्यावरून त्यानं टाकीच्या वरच्या अंगाचा झडपेचा नट सैल केला, नरसाळं लावलं आणि घरातलं होतं नव्हतं तेवढं व्हिनेगर आत ओतून सगळं जसंच्या तसं घट्ट बसवून टाकलं. सर परत आले तेव्हा तो तोंडात सिगरेट धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"सर, नळ उघडा. एक गंमत आहे."

"कसली गंमत? आणि आधी ती सिगरेट..."

"उघडा तर!"

सर दमले होते. दमलेला माणूस वाद घालत नाही, हीच त्याची चूक होते. त्यांनी गरम पाण्याचा नळ फिरवला. पाणी आलं नाही. नळातून आधी फुसफुस आली, मग खोकल्यासारखा आवाज, मग पुन्हा फुसफुस. "वास गेला का बघू," म्हणत सरांनी नाक खाली नेलं, आणि वेननंही मदत म्हणून आपलं नाक, सिगरेटसकट, खाली आणलं.

फाट्‌! असा आवाज झाला की कपाटातल्या बशा एकमेकींवर आदळल्या. नळाच्या तोंडाशी क्षणभर निळसर जाळ दिसला आणि विझला. मग पाणी येऊ लागलं, काही झालंच नाही अशा थाटात.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वेनच्या भुवया नव्हत्या. सरांच्या मिशीची डावी बाजू नव्हती. ही मिशी सरांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी ठेवली होती. सगळं गाव ती मिशी बघून मान खाली घालायला शिकलेलं होतं.

"सर!" वेनचा चेहरा एकदम उजळला. "पॉप! पेटती काडी नेली की पॉप वाजतो! हायड्रोजन! मला आठवतंय, सर!"

"तू त्या परीक्षेत नापास झाला होतास, वेन."

"पण आठवलं की नाही?"

कुंपणावर बेरिलबाईंचं डोकं आलं. "झालं का काम? सगळं व्हिनेगर संपलं माझं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सरांचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "मिशी अर्धीच का केलीस रे?"

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. ते ओरडले नाहीत. ओरडण्यासाठी जी ताकद लागते ती त्यांनी शुक्रवारसाठी राखून ठेवायचं ठरवलं. एवढ्यात फोन वाजला. जनेल होती. आवाज कचेरीपर्यंत ऐकू गेला होता.

"सर, स्फोट झाला म्हणे? अभिनंदन! आता तातडीचा धोका झाला. वेनला टाकी उघडता येईल."

गुरुवारी टपालाच्या ट्रकमधून ॲल्युमिनियमचा गज आला आणि शुक्रवारी सकाळी वेन एकटा आला नाही. सगळी ब्रिगेड लाल गाडीसकट आली. ब्रिगेडमधला एकूण एक माणूस सरांच्या हाताखालून गेलेला. तरी प्रत्येकाचं धातूंविषयी स्वतःचं मत होतं आणि ते देण्यासाठी तो टाकीला टेकून उभा राहत होता. एक म्हणाला गज काढूच नका, दुसरा म्हणाला टाकीच काढून टाका, तिसरा आपल्या मेव्हण्याच्या टाकीची हकिगत सांगू लागला आणि मेव्हण्याच्या घटस्फोटापाशी येऊन थांबला.

जुना गज निघेना. त्याचा नट इतक्या वर्षांत टाकीशी एकजीव झालेला. रस्त्यावरच्या पाण्याच्या नळासाठी ठेवलेला भलामोठा पाना आणला, पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली, नळीला तिघं लोंबकळले. टाकी कण्हली. मग नट एकदम सुटला आणि तिघं बेरिलबाईंच्या कुंपणात गेले. गज वर ओढायला घेतला तर अर्ध्यावर व्हरांड्याच्या छपराला टेकला. टाकी उंच, छप्पर बुटकं. तो बसवला कोणी आणि कसा, याचा उलगडा होईना.

"छपराचा पत्रा काढावा लागेल, सर," वेन म्हणाला.

"दुसरा काही मार्ग?"

"टाकी आडवी करता येईल. मग भिंत थोडी काढावी लागेल."

"पत्रा काढ," सर म्हणाले.

पत्रा काढला. वरून लख्ख आकाश दिसू लागलं. गज बाहेर आला तो खाल्लेल्या मक्याच्या कणसासारखा, जागोजागी कुरतडलेला, पांढरट, मध्ये तारेचा सांगाडा दिसणारा. सरांनी तो हातात घेतला आणि जरा वेळ बघत राहिले. नाही म्हटलं तरी ह्या बापड्या धातूनं टाकीसाठी जीव झिजवला होता. मग त्यांनी टाकी ब्लीचनं धुतली, पुन्हा पुन्हा स्वच्छ पाणी भरलं आणि सोडलं, नवा गज वरच्या आकाशातून खाली सोडला, नट आवळला, बटण लावलं. दुपारी पाणी तापलं. सरांनी वेनला सिगरेटसकट रस्त्यापलीकडे उभं केलं, आणि मगच नळ सोडला.

पाणी सरळ आलं. वाफ निघाली. सरांनी वास घेतला. मग बेरिलबाईंनी घेतला, मग रांगेनं सगळ्या ब्रिगेडनं. कसलाही वास नव्हता. सरांच्या छातीवरून कोणीतरी मोठं कपाट उचलल्यासारखं झालं. नोरीन येईल, नळ सोडेल, आणि राहील. त्यांना भरून आलं, आणि अर्ध्या मिशीनं भरून आल्यावर माणूस कसा दिसतो हे ब्रिगेडनं सौजन्यानं पाहिलं नाही.

इथं ही गोष्ट संपली असती. पण हॅलोरनमध्ये कुठलंही सामुदायिक काम सॉसेज भाजल्याशिवाय संपत नाही. कोणाच्या घराचं छप्पर असो, चर्चची घंटा असो की मेलेली गाय ओढून नेणं असो, शेवटी ब्रेडच्या स्लाइसमध्ये सॉसेज आणि वर परतलेला कांदा हवाच. वेननं सरांच्या परसात जुन्या लोखंडी पिंपात लाकडं पेटवली. आगीला परवानगी द्यायची कॅप्टननं. त्यानं स्वतःला ती दिली. वर तवा ठेवला, सॉसेज तडतडू लागले. आवराआवर करताना कचरा, जुनी पॅकिंगं, तुटका पत्रा असं जे जे हाताला लागलं ते ते त्यानं पिंपात टाकलं. त्यात तो कुरतडलेला गजही टाकला.

"जुना गज कुठं गेला रे?" सरांनी सॉसेज तोंडाशी नेत विचारलं.

"टाकला की, सर. आगीत."

सरांचा हात थांबला. तेवढ्यात पिंपातून पांढरा उजेड फुटला. असा पांढरा, की भर दुपारी अंगणात सगळ्यांच्या सावल्या पडल्या. तव्यावरचे सॉसेज काळे दिसू लागले.

"बघू नका! थेट बघू नका!" सर ओरडले. सगळ्यांनी थेट बघितलं.

"सर, हे तुम्ही आम्हाला चिमट्यात धरून दाखवलं होतं!" एक जण कौतुकानं म्हणाला.

"ब्रिगेड, पाइप!" वेन गरजला. आग दिसली की त्याच्या डोक्यात पाण्याशिवाय दुसरं काही येत नसे, आणि कॅप्टनकडून गावाची अपेक्षाही तीच होती.

"पाणी नको!" सरांनी हात पसरले. "वेन, पाणी मारू नकोस! का ते ऐक! पोटॅशियम पाण्यात टाकलं की काय होतं? पेटतं. सोडियम? पळतं. कॅल्शियम..."

माणसाची आयुष्यभराची सवय ऐन वेळी असा दगा देते. "सर, मॅग्नेशियमवर या ना!" असं बेरिलबाईसुद्धा ओरडल्या, पण सर कॅल्शियमच्या बुडबुड्यांत होते. ते "जळतं मॅग्नेशियम वाफेतला ऑक्सिजनसुद्धा..." इथवर पोचले आणि पाइपातून पाणी सुटलं.

पुढचं वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. धाडकन आवाज झाला, वाफेचा ढग उठला, ढगातून पांढऱ्या ठिणग्यांचा फवारा निघाला. तवा उडून गुलाबाच्या वाफ्यात जाऊन पडला. सॉसेज लिंबाच्या झाडावर चढले. नशिबानं माणसं सगळी पाइपाच्या लांब टोकाला होती. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. पण आग विझली नव्हती, उलट पाणी पिऊन ताजीतवानी झाली होती, आणि तिच्यातून ठिणग्या व्हरांड्याकडे, म्हणजे उघड्या छपराकडे, म्हणजे नव्या गजाच्या टाकीकडे उडत होत्या.

"माती!" सर ओरडले. "कोरडी माती!"

परसात माती भरपूर होती, पण ती आता पाइपाच्या कृपेनं ओली झालेली. ओली माती चालणार नव्हती. सरांनी इकडेतिकडे बघितलं. व्हरांड्याच्या कठड्यावर नोरीनबाईंच्या बिगोनियांच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. सरांनी त्यांना इतक्या दिवसांत थेंबभर पाणी घातलेलं नव्हतं. आतली माती हाडासारखी कोरडी होती.

क्षणभर सर थबकले. मग त्यांनी पहिली कुंडी उचलली आणि पिंपात उपडी केली. मग दुसरी. माती, मुळं, वाळके देठ, सगळं. प्रत्येक कुंडीबरोबर उजेड मंद होत गेला. ब्रिगेड पाइप धरून उभी होती. सर एकटेच धावत होते, मोज्यांवर काळं, तोंडावर काळं. शेवटची कुंडी त्यांनी डोक्याच्या वर उचलली, कारण खाली वाकायला आता पाठ तयार नव्हती.

"ॲल्विन, कुंडी खाली ठेव."

आवाज हळू होता. सर वळले. फाटकात फियोनाची गाडी उभी होती. नोरीनबाई चालण्याच्या काठ्यांना धरून परसाच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि सगळं बघत होत्या: छपरातलं भोक, झाडावरचे सॉसेज, बिनभुवयांचा वेन, अर्ध्या मिशीचा नवरा आणि त्याच्या डोक्यावर आपली वाळलेली गुलाबी बिगोनिया. फियोना "डॅड!" म्हणाली.

सरांनी कुंडी खाली ठेवली. सांगण्यासारखं खूप होतं. पण पोटॅशियमपासून सुरुवात करायची त्यांच्यात ताकद नव्हती. गेली, असं त्यांच्या मनात आलं. त्याच गाडीतून परत गेली, आणि बरोबरच आहे तिचं.

नोरीनबाई गाडीकडे वळल्या नाहीत. एकेक काठी टाकत स्वयंपाकघरात गेल्या. सर मागे गेले. फियोना त्यांच्या मागे, आणि दारात बेरिलबाई, ज्यांना इतक्या वर्षांत प्रथमच लोकांनी पायांपर्यंत पाहिलं. नोरीनबाईंनी गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी तापेपर्यंत थांबल्या. वाफ आली तशी ओट्याला धरून, खुबा सांभाळत, जमेल तेवढं झुकून वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

त्यांनी काठ्या ओट्याला टेकवल्या आणि दोन्ही हात पाण्याखाली धरले. बराच वेळ धरून ठेवले. मग ओल्या तळव्यांनी चेहरा पुसला. सरांना त्यांचे डोळे दिसत होते, आणि त्यात जे होतं ते पाणी नळाचं होतं की नव्हतं हे त्यांनी विचारलं नाही.

"फियोना, गाडीतून माझी बॅग काढ," नोरीनबाई म्हणाल्या.

सर खुर्चीत बसले आणि मग लगेच उठले. "थांब, मी टब भरतो. गळ्यापर्यंत. आत्ता भरतो."

"टब नको."

"नको कसा? तू म्हणाली होतीस..."

"अरे, खुबा बदललाय माझा. टबात वाकून बसायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलीये. अजून कितीतरी दिवस. खुर्चीवर बसून शॉवर घ्यायचा."

दारात बेरिलबाईंनी जीभ चावली. बाहेर वेन झाडावरून सॉसेज काढत होता, त्याचा आवाज येत होता.

"हे तुला कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

"ऑपरेशनच्या आधीच."

"म्हणजे सोमवारी फोन केलास तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस, नोरीन?"

नोरीनबाईंनी नळ बंद केला. हात टॉवेलला पुसले, सावकाश, एकेक बोट.

"सांगितलं असतं, तर तू टाकीसाठी उठला असतास का?"

उत्तर सरांना माहीत होतं. नोरीनबाईंनाही माहीत होतं, फियोनाला होतं, आणि दारात उभ्या असलेल्या बेरिलबाईंनाही होतं. सरांनी बॅग फियोनाच्या हातून घेतली आणि शॉवरखाली ठेवायची खुर्ची शोधायला आत गेले.